वऱ्हाडाचे कान तपासायला गेलो, त्याची गोष्ट

माझा आवाज चांगला आहे असं मला पंचवीस वर्षं वाटत होतं. हायस्कुलात मराठी शिकवणाऱ्या माणसाला असं वाटायला फारसं काही लागत नाही. समोर चाळीस मुलं बसलेली असतात आणि त्यांना उठून जायची परवानगी नसते. त्यामुळे माझा मेहुणा बाळू एका रविवारी घरी आला आणि म्हणाला, "भावोजी, तुमचा आवाज हवाय, सरकारी कामासाठी," तेव्हा मी आश्चर्य वगैरे काही दाखवलं नाही. एवढा उशीर का लागला, इतकंच मनात आलं.

बाळू म्हणजे कान-नाक-घशाचा डॉक्टर. घरात बाळू, बाहेर डॉक्टरसाहेब. कान तपासायची जी मोठी यंत्रं असतात ती खेड्यापाड्यांत न्यायला परवडत नाहीत. म्हणून कुणाच्या तरी डोक्यात आलं की टेपरेकॉर्डरच्या फितीवर पंचवीस सोपे मराठी शब्द भरावेत, ते रोग्याला कानावरच्या टोपातून ऐकवावेत, आवाज हळूहळू बारीक करत जावा, आणि रोग्यानं ऐकलेला शब्द उलट म्हणून दाखवावा. जितके शब्द बरोबर, तितका कान शाबूत. ही युक्ती चालते की नाही हे दोन जिल्ह्यांत वापरून पाहायचं आणि अहवाल द्यायचा, हे काम बाळूकडे आलं होतं. महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. मुंबईपासून वऱ्हाडापर्यंत आता एकच कारभार, तेव्हा शब्दही एकच, असा हिशेब.

शब्द निवडायचं काम माझ्याकडे आलं, आणि इथेच माझी हौस आडवी आली. 'ळ' आणि 'ण' स्वच्छ उच्चारणारी माणसं पुण्यातसुद्धा आता थोडीच उरली आहेत, आणि त्यांतला एक मी, अशी माझी समजूत. तेव्हा शाळा, डोळा, केळं, वेळ, टाळी, पाणी, लोणी असे शब्द मी वेचून घेतले. मधे चवीपुरते घर, दिवा, विहीर, चमचा. फीत वाजवून पाहिली तेव्हा ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "कुणी वारलं का हो? रेडिओवर इतकं गंभीर चाललंय म्हणून विचारलं."

नाताळच्या सुट्टीत बाळूबरोबर मी निघालो. टेपरेकॉर्डर भरलेल्या हंड्याइतका जड होता आणि तो कुठल्याही हमालाच्या डोक्यावर द्यायचा नाही असा हुकूम होता. मनमाडला गाडी बदलताना मी तो तान्ह्या मुलासारखा छातीशी धरून पळत होतो. एका बाईनं मला बसायला जागा दिली आणि मग आत काय आहे ते बघून परत घेतली.

अकोला

अकोल्यात उतरल्यावर पहिल्यांदा दिसतो तो कापूस. गाड्याच्या गाड्या बाजाराकडे चाललेल्या, आणि रस्त्याकडेच्या बाभळींनी त्यांतला आपापला वाटा काढून घेतलेला. काट्याकाट्याला पांढरा पुंजका. थंडीचे दिवस असल्यामुळे मला क्षणभर बर्फच वाटला. मी बर्फ कधी पाहिलेला नाही, त्यामुळे तसं वाटायला हरकत नव्हती.

आमचं शिबिर एका शाळेत होतं. सुट्टीमुळे वर्ग रिकामे होते. दिमतीला बबनराव नावाचे कंपाउंडर. पन्नाशीचे, पोटानं माझ्याहून थोर. मी दारात उभा, हातात हंडा, आणि त्यांचा पहिला प्रश्न, "काहून आले जी?" मी पुणेरी माणूस, दचकलो. आमच्याकडे 'का आलात?' हा प्रश्न मनात विचारतात. पुढे कळलं की तिकडे ते नुसतं स्वागत असतं. विचारतात, आणि उत्तर यायच्या आत पाण्याचा तांब्या पुढे करतात.

बाळूला तपासणीसाठी आवाजबंद खोली हवी होती. पुण्याहून गोधड्या आणायच्या राहिल्या होत्या. बबनराव म्हणाले, "त्याची काय फिकर करता? कापूस लय हाये. कानात भरा नाईतर खोलीत भरा." तासाभरात चाळीस पोती कापूस आला. त्यांनी एका वर्गाच्या मधोमध भिंती रचल्या. आत एक खुर्ची रोग्याला, एक बाळूला. यंत्राची घरघर आत जाऊ नये म्हणून ते शेजारच्या वर्गात ठेवलं आणि तिथे मला बसवलं. तार भिंतीच्या झरोक्यातून आत जायची. म्हणजे मी बोलतो ते सगळ्यांना ऐकू जाणार, लोक काय म्हणतात ते मला नाही. नवराबायकोच्या बाहेर अशी व्यवस्था मी प्रथमच पाहिली.

पहिल्या दिवशी एक लहानसा घोटाळा झाला. जवळच्या जिनात सरकी काढायची यंत्रं सुरू झाली की विजेचा दाब उतरायचा आणि माझा आवाज हळूहळू रेड्यासारखा व्हायचा. एक म्हातारबुवा टोप काढून बाहेरच आले आणि बबनरावांना म्हणाले, "अंदर कोनाचा तरी जीव जाऊन राह्यला गड्या." मग जिनाच्या वेळा विचारून आम्ही आमच्या वेळा ठरवल्या.

दुपारी बबनरावांच्या घरी रोडगे होते. गव्हाच्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यात तूप ओतायचं, आणि वांग्याच्या तर्रीदार भाजीशी खायचे. पहिला मी पुस्तकी कुतूहलानं खाल्ला, दुसरा आवडीनं. तिसरा बबनरावांच्या मंडळींनी वाढला, "लाजता काहून जी? घरचंच हाये," म्हणून, आणि चौथ्याचं मला नीट आठवत नाही.

जेवता जेवता बाळू मात्र वेगळ्याच आनंदात होता. सकाळी तपासलेल्या बावीस माणसांपैकी बहुतेकांचे दहा-बारा शब्द चुकले होते.

"आणि भावोजी, चुका कशा आहेत बघा. स्वर सगळे बरोबर येतात, व्यंजनं तेवढी हुकतात. कानाच्या आतली नस दुखावली की नेमकं असंच होतं. पुस्तकात आहे हे."

"सगळ्यांचीच नस कशी दुखावेल?"

"जिनांचा आवाज. वर्षानुवर्षं हा आवाज ऐकून अख्ख्या गावाचे कान गेलेत, आणि कुणाला पत्ता नाही. यावर मोठा निबंध होईल."

बबनराव भाजी वाढत होते. ते म्हणाले, "पन सायेब, सकाळची ते कौसाबाई तर तेल्हाऱ्याकडच्या वावरातली. तिनं जिन पाह्यलाच नाई कधी."

"आनुवंशिक असेल," बाळू म्हणाला आणि पाणी प्यायला. मी मान डोलावली. पंचवीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या माणसानं त्या दुपारी फक्त मान डोलावली आणि पाचवा रोडगा नको म्हटलं, याची नोंद असावी.

दुसऱ्या दिवशी वत्सला तायडे आल्या. तेल्हाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात त्या नर्स होत्या. वय चोविसेक, पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. नोकरी दोन वर्षं कच्ची होती. पक्की व्हायची तर प्रकृतीचे दाखले पुरे हवेत, आणि कानाचा दाखला आमच्या शिबिरातून घ्यावा असं पत्र त्यांना आलं होतं. बाळूनं त्यांना तपासलं, कागद भरला, सही केली, आणि दोन दिवसांचे कागद शिपायाबरोबर दुपारच्या गाडीनं अमरावतीला गेले. तिथले मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी पक्क्या होणाऱ्यांची यादी करणार होते.

बाहेर आल्यावर वत्सलाबाई माझ्या वर्गाच्या दारात थांबल्या. "गुर्जी, या डब्यातला मानूस कोन हाये?"

"मीच," मी शक्य तितक्या साधेपणानं म्हटलं.

"बोलता चांगले. पन असं गळ्यात घास अडकल्यावानी काहून बोलता?"

तेवढ्यात बबनराव आले. त्यांनी कागद पाहिला होता. त्यांना पोटात काही ठेवता येत नाही, पोट एवढं असून. "बाई, तुमाले अकरा भेटले. पंचविसात अकरा. सायबानं लिहून देल्लं का दोनी कान कमी हायेत, बाळंतपनाच्या कामाले चालनार नाईत."

वत्सलाबाईंनी पिशवी खाली ठेवली. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "शायेत दाराच्या भाईर बसवत होते मले. वर्गात घेत नव्हते. तिथून आयकून आयकून मी सातवी पास झाली, नर्स झाली. लाकडाची नयी पोटाले लावून लेकराचा ठोका आयकतो, जो कोनाले आयकू येत नाई तो मले येते. अन् आता टोप घालून मले आयकू नाई आलं म्हनता तुमी?"

एवढं सगळं त्या बोलल्या, आणि मला त्यातलं काय ऐकू आलं? दाराबाहेर बसवलेली मुलगी नंतर ऐकू आली, रात्रभर येत राहिली. त्या क्षणी ऐकू आला तो एक शब्द. मास्तर माणूस.

"काय म्हणालात? कुठे बसवत होते?"

"दाराभाईर."

"त्याच्या आधी."

"शायेत."

मी उठलो, बाळूच्या टेबलावरची वही उघडली. बाळू शिस्तीचा, चुकलेल्या प्रत्येक शब्दापुढे रोगी काय म्हणाला ते लिहून ठेवायचा. शाळा, पुढे शाया. डोळा, डोया. केळं, केय. वेळ, येय. पाणी, पानी. विहीर, हीर. पानंच्या पानं तेच. एकानंही डोळ्याला कान म्हटलं नव्हतं की केळ्याला वांगं. माझ्या 'ळ'ला सगळ्यांनी ओळखलं होतं आणि आपल्या घरच्या कपड्यात परत पाठवलं होतं.

बाळूला सांगितलं तर तो चिडला. "भावोजी, नियम स्पष्ट आहे. उच्चारात फरक पडला तर चूक धरायची. कान गेलेला माणूस असाच बोलतो. तुम्हाला यातलं शास्त्र कळत नाही."

"सायेब," बबनराव म्हणाले, "त्यायले आयकू येते. तुमालेच येत नाई."

मग बबनरावांनीच युक्ती काढली. शाळेच्या मैदानाच्या टोकाला वत्सलाबाईंना पाठमोरं उभं केलं. बाळूनं इकडून हलक्या आवाजात शब्द म्हणायचे, त्यांनी तोंड उघडायचं नाही, वस्तू दाखवायची. बाळू म्हणाला, "डोळा." त्यांनी डोळ्यावर हात ठेवला. "शाळा." इमारतीकडे बोट. "विहीर." कुंपणापलीकडच्या रहाटाकडे बोट. "टाळी." टाळी. शिबिराला आलेली माणसं गोळा झाली. बाळूनं आवाज आणखी उतरवला, शेजारी उभ्या असलेल्या मलाही नीट कळेना. हात मात्र उठत होता. लोण्याला काही दाखवता येईना, तेव्हा बाईंनी दोन्ही हातांनी ताक घुसळून दाखवलं आणि माणसं हसली.

शेवटी बाळू माझ्याकडे वळून पुटपुटला, "बाई हट्टी आहे."

मैदानाच्या टोकावरून, पाठमोऱ्याच, उत्तर आलं. "हट्टी नाई जी, नोकरी हाये."

बाळूनं वही मिटली. तो हाडाचा चांगला मुलगा आहे. निबंध गेला याचं दुःख त्यानं साधारण पाच मिनिटं केलं, आणि मग विचारलं, "बबनराव, अमरावतीला पहिली गाडी किती वाजता?"

अमरावती

सकाळच्या गाडीत बाळू, वत्सलाबाई, मी आणि यंत्र. दोन्ही बाजूंना ज्वारी कापून झालेली रानं आणि मधे तुरीचे हिरवे पट्टे. वत्सलाबाईंनी मूर्तिजापूरच्या अलीकडे पिशवीतून भाकरी काढली, तिच्यावर मिरचीचा ठेचा, आणि काही न विचारता तिचे तीन भाग केले. ठेचा मी पुण्याच्या मापानं घेतला. तरीही पुढचं एक स्टेशन मला दिसलं नाही.

डोळे पुसून मी विचारलं, "त्यांनी ऐकलं नाही तर?"

"तं घरी बशीन. बाबा म्हनतीन, एवढं शिकून आली अन् कानानं गेली." मग खिडकीबाहेर बघत, "आमच्या वस्तीतली पयली नोकरी हाये जी ते. माह्या मागं तीन पोरी शिकून राह्यल्या."

 बडनेऱ्याला उतरलो, तिथून टांगा. अमरावती म्हणजे मला वाटत होतं नुसती संत्री. तशी ती होतीच. रस्त्याकडेला ढीग, टोपल्या, पेंढ्यात निजवलेल्या रांगा. पण तो जुना परकोट, त्याचे दगडी दरवाजे, आणि दरवाजातून आपला टांगा आत शिरतो तेव्हा उगाच वाटणारा मोठेपणा, याची कल्पना नव्हती. घरासाठी मी संत्री घ्यायचं ठरवलं आणि विक्रेत्यानं आधी दोन सोलून आमच्या हातात ठेवली. आवडलं तर घ्या, नाईतर जा. पुण्यात फळवाल्यानं मला असं कधी सोललेलं फळ दिलेलं नाही. सोललंय मात्र पुष्कळदा.

मोठे डॉक्टर विलायतेला जाऊन आलेले होते. कडक कॉलर, शुद्ध मराठी, वाक्याच्या शेवटी न चुकता पूर्णविराम. बाळूनं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"डॉक्टर, काल तुम्ही सही करून कागद पाठवलात. आज तोंडी सांगता की तो चुकीचा आहे. उद्या दुसरं कुणी येऊन आणखी काही सांगेल. बाळंतपणाच्या खोलीत ऐकू न येणारी नर्स मी ठेवली, तर जाब मला द्यावा लागेल." मग यंत्राकडे बोट दाखवून, "हे चुकतं म्हणता ना? कुठे चुकतं ते मला दाखवा. लावा माझ्या कानाला."

वत्सलाबाई दाराशी उभ्या होत्या. बाळूनं साहेबांच्या डोक्यावर टोप चढवला, हातात कागद घेतला. मी बटण दाबलं. त्या खोलीत कापूस नव्हता, त्यामुळे या वेळी साहेब काय म्हणतात ते मला ऐकू येत होतं. त्यांच्या कानांवर टोप असल्यामुळे स्वतःचं बोलणं तेवढं त्यांनाच नीट ऐकू जात नव्हतं.

पहिले सात-आठ शब्द अगदी साहेबी गेले. घर. चमचा. डोळा, तोही माझ्याइतकाच देखणा 'ळ' घेऊन. असंच चाललं तर चूक बाईंच्याच कानांची ठरणार होती. वत्सलाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. ठरल्याप्रमाणे मी आवाज बारीक केला. साहेबांनी डोळे मिटले, भुवया आवळल्या, मान थोडी पुढे काढली. आणखी बारीक केला. आता सगळा जीव ऐकण्यात गेलेला, जिभेवर पहारा ठेवायला कुणी उरलं नव्हतं.

"केय," साहेब म्हणाले.

बाळूनं वर पाहिलं नाही. त्यानं फुली मारली.

"येय. पानी. शाया." मग जरा थांबून, अगदी मन लावून, "हीर."

असे पंचवीस झाले. साहेबांनी टोप काढला, केस सारखे केले. "सगळे ऐकू आले. काहीच अडचण नाही."

बाळूनं कागद त्यांच्यापुढे ठेवला. पंचविसात तेरा बरोबर. प्रत्येक फुलीपुढे नीट अक्षरात, ते काय म्हणाले ते लिहिलेलं. साहेबांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा वरून सुरुवात केली. 

दाराशी वत्सलाबाई हळूच म्हणाल्या, "सायेब, तुमची बी नोकरी कच्चीच का जी आता?"

मला वाटलं, संपलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"इथल्याच तिवशाचा हाय ना मी," ते म्हणाले, आणि पूर्णविराम कुठेतरी गळून पडला. "शायेतच गेलतो. त्याले काय करता?"

त्यांनी फाइलमधून कालचा कागद काढला, उभा फाडला, नवा घेतला, आणि लिहिलं, श्रवण उत्तम. सही केली. मग अकोल्याच्या बाकीच्या कागदांचा गठ्ठा बाळूकडे सरकवला. "हेही परत न्या. एवढी माणसं बहिरी करून ठेवलीत तुम्ही दोन दिवसांत. पुन्हा तपासा. आणि अहवालात काय लिहायचं ते कळलं ना?" बाळूला कळलं होतं. यंत्र चांगलं आहे, फितीवरचे शब्द ज्या मुलखात वापरायचे त्या मुलखाच्या माणसांकडून घ्यावेत. गुण देणाऱ्यानं आधी त्यांचं बोलणं ऐकायला शिकावं. आवाज कुणाचा होता याचा उल्लेख त्यानं अहवालात केला नाही. मेहुणे असे असावेत.

वत्सलाबाई अजून उभ्याच होत्या.

"आता काय राहिलं, बाई?" साहेबांनी विचारलं.

"शिक्का नाई मारला जी तुमी."

शिक्का मारला. त्यांनी कागदावर फुंकर घातली, शाई वाळल्याची खात्री केली, चार घड्या करून पिशवीत तळाशी ठेवला. थांबायला वेळ नव्हता. तेल्हाऱ्याला दोघी दिवस भरलेल्या होत्या, त्यांतल्या एकीचं मूल आडवं होतं. साहेबांना आणि बाळूला त्यांनी नमस्कार केला. मी टेपरेकॉर्डरच्या तारा गुंडाळत होतो, तिथे माझ्याजवळ आल्या.

"येतो जी, गुर्जी."

तिकडे बायकाही 'येतो'च म्हणतात. माझ्या वर्गातल्या मुलीनं असं लिहिलं असतं तर मी त्याखाली तांबडी रेघ ओढली असती, दोनदा.

"या," मी म्हणालो.